साडेतीन मिनिटांचं माप

मध्यलय

१९७७ साली दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवली गेली आणि तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. 'जात कहाँ हो'. ही बातमी सांगताना आपला ऊर भरून येतो आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो. मी दरवेळी अडकतो तो लांबीपाशी. जेमतेम साडेतीन मिनिटं. मैफलीत एकेक राग निगुतीनं, सावकाश मांडणाऱ्या बाईंची परग्रहावर पाठवलेली ओळख एवढीशी का?

निवडणाऱ्यांनी ती कापलेली नाही. ती मुळातच तेवढी गायलेली आहे, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर तेवढीच मावत होती. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची, बारा इंची असली तर चारच्या थोडी पुढे जायची. हे माप गवयानं ठरवलं नाही आणि रसिकानंही नाही. लाखेच्या थाळीवर किती खाचा बसतात त्यावरून ते ठरलं. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपलं सगळं संगीत या मापातून गाळून आपल्यापर्यंत आलं. गौहर जान गाणं संपल्यावर इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारतात, ते अनेकांना लाडिक वाटतं. त्याचं कारण रोकडं होतं: तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि कुठली तबकडी कुणाची हे तिथल्या माणसाला कळायला हवं!

आता असल्या तबकडीत काय होतं ते नीट कान देऊन ऐका. पेटी एक सूर धरते. ठेका जणू आधीपासूनच चालू असतो. आलाप जवळपास नाहीच. मुखडा, म्हणजे चिजेची पहिली ओळ, पहिल्याच श्वासात समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो, विलंबित (संथ) म्हणावं ते मध्यलयीकडे सरकलेलं असतं, आणि पाऊण मिनिट व्हायच्या आत पहिली तान. अंतरा एकदा, फार तर दोनदा. शेवटच्या काही सेकंदांत गवई जरा घाईला आल्यासारखा वाटतो. समोरून कुणीतरी हातानं खूण केलेली असणार. पुष्कळदा एका बाजूला ठाय, म्हणजे संथ अंगाची चीज आणि तबकडी उलटली की द्रुत, म्हणजे जलद, अशी विभागणी.

लोक म्हणतात, यंत्रानं गाण्याचं लोणचं केलं. मला तसं वाटत नाही. या मापानं गवयाला एक प्रश्न टाकला, जो मैफलीत त्याला कुणी विचारला नव्हता: काय काय सोडलं तरी हा राग राहतो? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना मला हे उत्तर स्पष्ट ऐकू येतं. तीन मिनिटांत एकही सूर उगाच नाही, आणि तरी गडबड नाही. आज तासभराचं मुद्रण सहज मिळतं आणि त्यात ठरवलेलं काहीच नसतं, नुसतं साठवलेलं असतं.

संगीतापुरतं हे बोलून झालं. पुस्तकं, सिनेमे, नाटकं यांनाही अशी बाहेरून आलेली मापं आहेत. तुम्हाला काय आठवतं?

~

पानगळ

वाचनखूण साठवली. कादंबरीवर नंतर सविस्तर लिहिते.

~

तिसरी_घंटा

मध्यलय, लिहिलंय छान, पण गवयांना फार मोठेपणा देताय. ते ठरवत होते, निवडत होते वगैरे. अहो, पोटापाण्याचा प्रश्न होता. कंपनीनं बोलावलं, मानधन दिलं, म्हणाली तीन मिनिटांत आटपा, आटपलं.

माझा विषय नाटक, म्हणून तिथलं सांगतो. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली उभं राहिलं तेव्हापासून संगीत नाटकाला वेळेचं माप असं नव्हतंच. नाटक रात्री उभं राहायचं आणि पदांना वन्समोर मिळत गेले की पहाटेपर्यंत चालायचं. बालगंधर्वांचं एखादं पद किती वेळ चालणार हे प्रेक्षक ठरवायचे, आणि प्रत्येक वन्समोरला ते वेगळं व्हायचं. तेच पद तबकडीवर गेलं की एकच रूप उरलं. दोष तबकडीचा नाही, ती नोंद होती. आपण तिला पोथी केलं.

नाट्यगीतांच्या एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. चुणचुणीत मुलगी, गळा फार गोड. 'स्वयंवर'मधलं पद घेतलं. हरकत न् हरकत जुन्या तबकडीसारखी. श्वाससुद्धा तिथेच. आणि शेवटी तान अर्ध्यावर तोडून एकदम हात जोडले! मी म्हटलं, बाळ, समेवर का नाही आलीस? तिनं शांतपणे सांगितलं, "सर, तिथेच संपतं." खरंच तिथेच संपतं, कारण तिथे तबकडी संपते. तिच्या गुरूंनाही ते खटकलेलं नव्हतं.

तेव्हा मापानं निवडायला शिकवलं म्हणता, तर निवडणारा एक आणि त्याची नक्कल करणारे हजार, हेही लिहा की.

~

रीळ

तिसरी_घंटा यांचा किस्सा जबरदस्त. ती मुलगी आता काय गाते कोण जाणे.

सिनेमाकडून थोडं. मी संकलनाच्या धंद्यात, त्यामुळे लांबी हा आमचा रोजचा तंटा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) ३,७०० फुटांचा होता, म्हणजे चार रिळं. तेव्हा सिनेमा मिनिटांत मोजत नसत, फुटांत मोजत. आणि फूट म्हणजे सरळ पैसा, कारण कच्ची फिल्म बाहेरून यायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा झाला तेव्हा सरकारनं बोलपटांवर ११,००० फुटांची मर्यादा घातली. बोलपटाच्या वेगानं हिशोब केलात तर दोन तासांच्या किंचित पुढे. त्याआधी आपले बोलपट ऐसपैस असायचे. युद्ध संपलं, बंधन उठलं, सिनेमे पुन्हा लांबले. म्हणजे 'निवडायला शिकलो' असं काही झालं नाही! माप काढलं की माणूस पुन्हा पसरतो.

आता एक गंमत, जी मध्यलय यांच्या बाजूनं जाते. सिनेमातल्या गाण्याचं माप सिनेमाचं नाहीच, ते तबकडीचं आहे. पडद्यावर गाणं सात मिनिटं चालवायला कोण अडवत होतं? पण गाणं विकलं जायचं तबकडीवर. म्हणून धृपद, दोन अंतरे, मध्ये वाद्यमेळाचे तुकडे, तीन-सव्वातीन मिनिटं, हा साचा बसला. पुढे लाँग प्ले आली, कॅसेट आली, सीडी आली, तरी साचा हलायला किती काळ गेला बघा. कितीतरी जुन्या गाण्यांचं एखादं कडवं सिनेमात आहे आणि तबकडीवर नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलाच नाही, त्यांच्या लेखी ते कडवं लिहिलंच गेलं नाही.

मध्यंतराचं काय? दर सिनेमाच्या मधोमध एक धक्का द्यायचा, का तर दिवे लागणार आहेत. हे माप तर आम्ही हाडीमांसी भिनवून घेतलंय. मध्यंतर नसलेला परदेशी सिनेमा आपल्या थेटरात लागतो तेव्हा कुठेतरी वाक्याच्या मध्यावर दिवे लावतात आणि माझ्या पोटात खड्डा पडतो.

~

अवांतर_बंडू

+१ मध्यंतराला.

अवांतर: 'संत तुकाराम' (१९३६) मधलं 'आधी बीज एकले' हे तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांचं आहे, हे मला परवा कळलं. धाग्याशी संबंध नाही, पण कुणाला तरी सांगायचं होतं.

~

पानगळ

संबंध आहे की. अभंगाचं मापही बाहेरून घेतलेलंच, आणि ते इतकं चपखल जमलं की गाथेतलं वाटावं. असो, कादंबरीवर येते.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आज जाडजूड पुस्तक म्हणून हातात येते आणि पहिल्या शंभर पानांत पुष्कळ जण दमतात. मीही कॉलेजात असताना ती अशीच बाजूला ठेवली होती. नंतर लक्षात आलं, ती पुस्तक म्हणून जन्मलेलीच नाही. 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून हप्त्याहप्त्यानं आली. मग मी ती तशी वाचली: थोडी पानं, आणि मिटवून ठेवायची. फरक जमीन-अस्मानाचा! जी पुनरुक्ती वाटत होती, ती आठवडाभरानं परत येणाऱ्या वाचकासाठी केलेली उजळणी निघाली. यमू मध्येच थांबून "मागे सांगितलंच आहे" अशा वळणानं बोलते, ते आता घरातलं माणूस बोलल्यासारखं वाटायला लागलं. आणि यमूच्या आयुष्यातला संथपणा, सासरचे ते न संपणारे दिवस, हे सलग वाचताना कंटाळा म्हणून येतं आणि हप्त्यांनी वाचताना काळ म्हणून येतं. यमूबरोबर आपणही थोडे मोठे होतो.

म्हणजे मध्यलय, तुमच्या तबकडीनं कापलं, तर इथे मापानं पसरवलं. हप्ता भरायचा म्हणून लिहिलेलं बरंचसं मराठी लेखन पाण्यात गेलं, ते कुणी वाचत नाही. पण ज्याच्याकडे सांगण्यासारखं होतं, त्याला हप्त्यानं पैस दिली.

दिवाळी अंकांचंही तसंच. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला काढला तेव्हापासून आपली कथा अंकात किती पानं मिळतात त्यावर वाढली-खुंटली. संपादकानं आठ पानं सांगितली की आठच. माझ्या एका स्नेह्यांनी दीर्घकथा लिहिली, एका अंकानं अर्धी छापली आणि खाली 'समाप्त' घातलं! कथा उत्तम झाली असं सगळे म्हणाले. ते अजून त्या संपादकांशी बोलत नाहीत.

~

मध्यलय

पानगळ, हप्त्यांनी वाचण्याची युक्ती आजपासून माझी.

रीळ, तुमचं बरोबर आहे, माप काढलं की पसरतोच. पण लाँग प्ले आली तेव्हा पहिल्या पिढीनं काय केलं ते पाहा. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. तीन मिनिटांत मुरलेल्या कानांना हा केवढा ऐसपैसपणा! अमीर खाँसाहेबांच्या त्या तबकडीवर एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित अखेर विलंबितासारखं वागायला मोकळं झालं. पण ते पसरलेले नाहीत. मारव्यात षड्ज, म्हणजे 'सा', किती वेळ टाळता येतो आणि कधी द्यावाच लागतो, याचा हिशोब त्यात असा केलाय की मिनिटभर जास्त मिळालं असतं तर बिघडलं असतं असं वाटतं. आता हे माझं वाटणं त्या तबकडीनंच घडवलेलं असणार, हे तिसरी_घंटा म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

~

तिसरी_घंटा

म्हणणारच होतो.

~

जात्यावरची

मापं फक्त यंत्रांनी दिली असं का धरून चाललोय आपण? ओवीचं माप काय होतं? दळण. धान्य संपेपर्यंत ओवी. मूठ जात्यात पडली की एक ओवी, खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की दुसरी. गी पोएतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगाव फिरून बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या. त्या वाचताना मला पहिली गोष्ट जाणवली ती ही की ओवीला सुरुवात-शेवट असा नाहीच. कुठूनही उचला. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सीतेचा वनवास, सगळं एकमेकांत येतं-जातं, कारण हात थांबत नाहीत तोवर तोंड थांबवायचं कारण नव्हतं.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं गेलं. ओवी कुणी बंद केली नाही, तिचं माप गेलं. मग संग्राहक म्हणाले, म्हणा बाई. बाई जात्याशिवाय बसल्या आणि आठवेना. माझ्या आजीचं मी स्वतः पाहिलंय. आईनं अडगळीतलं जातं काढून पुसून पुढ्यात ठेवलं, आजीनं रिकामंच फिरवलं, आणि सुरू झाली ती थांबेचना.

तुम्ही माप म्हणजे कुंपण समजताय. आमच्याकडे माप म्हणजे निमित्त होतं.

~

पानगळ

सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

~

आडवाट

उशिरा आलो. एक कडवट मुद्दा मांडतो.

ज्यांनी मापात बसायला होकार दिला, त्यांच्याबद्दलच आपण बोलतोय. ज्यांनी दिला नाही त्यांचं काय? जयपूर गायकीचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते. तबकड्यांचा पूर्ण बहर त्यांनी पाहिला. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज कुठे नाही. आणि आपण काय करतो? जे ऐकायला मिळतं त्यावरून 'तेव्हाचं गाणं असं होतं' म्हणतो. तेव्हाचं गाणं तसं नव्हतं. तीन मिनिटांत जे बसत होतं, आणि तीन मिनिटांत ज्यांना बसायचं होतं, ते तेवढं तसं होतं.

मध्यलय, तुम्ही म्हणता तबकडीनं विचारलं, काय सोडलं तरी राग राहतो. चांगलं वाक्य आहे. पण जयपूर गायकीत जोडराग आणि अनवट राग कसे उलगडतात पाहा. दोन रागांचा सांधा कुठे, कसा लपवलाय, हे कळायला आवर्तनामागून आवर्तनं जावी लागतात. तीन मिनिटांत हे 'सोडलं' तर उरतं काय? फक्त नाव. या प्रश्नाला काही गाण्यांचं प्रामाणिक उत्तर 'मग गातच नाही' हेच असणार. ते उत्तर तुमच्या लेखात नाही.

~

मध्यलय

आडवाट, मुद्दा मोठा आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर देता येणार नाही. पण तुम्ही घेतलेल्या दोन नावांचं पुढे काय झालं ते पाहू.

भास्करबुवांचा आवाज नाही. पण 'स्वयंवर'च्या (१९१६) चाली त्यांच्या. बालगंधर्वांनी त्या तबकड्यांवर गायल्या. ख्यालातल्या चिजा घेऊन त्यांनी पदं बांधली, म्हणजे जे मैफलीत तासभर चालायचं त्याची आधी नाटकाच्या पदात घडी घातली गेली, मग त्या पदाची तबकडीत. दोन गाळण्यांतून गेलेलं भास्करबुवांचं गाणं तिसरी_घंटा यांच्या त्या मुलीच्या गळ्यात आहे, तुटक्या तानेसकट.

आणि अल्लादिया खाँसाहेब. केसरबाई त्यांच्याच शिष्या. ज्यांनी स्वतः भोंग्यासमोर तोंड उघडलं नाही त्यांच्या तालमीतला गळा साडेतीन मिनिटांच्या मापात बसून सूर्यमालेच्या बाहेर गेला. तिथेही माप होतंच. अख्ख्या पृथ्वीच्या संगीताला मिळून दीड तासाच्या आसपास वेळ होता. एखादा पाऊण तासाचा ख्याल असता तर कुणी घेतला नसता.

याला न्याय म्हणत नाही मी. पण 'फक्त नाव उरतं' हेही मला पटत नाही. त्या भैरवीत बाई 'आ'कार कसा लावतात, सूर सोडून पुढच्या सुरावर जाताना मध्ये कुठेही फट कशी दिसत नाही, हे साडेतीन मिनिटांतही लपत नाही. जोडरागाचा सांधा दिसणार नाही, कबूल. गळ्याची तालीम दिसते.

~

आडवाट

तालीम दिसते, हे मान्य. राग दिसत नाही, यावर मी ठाम.

~

रीळ

दोघांत समेट घडवायचा प्रयत्न करत नाही. गीतरामायण कुणाच्याच यादीत कसं आलं नाही? १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, आठवड्याला एक गीत, वर्षभर. म्हणजे बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि छप्पन झाली. पंचांगानं दिलेलं माप! गदिमांना दर आठवड्याला गीत द्यायचंच, बाबूजींना (सुधीर फडके) चाल लावायचीच, आणि ठरल्या वेळी लाल दिवा लागणारच. त्यातलं सैल पडलेलं गीत शोधून दाखवा.

~

पानगळ

आणि मूळ प्रक्षेपणात वेगवेगळे गायक होते, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर. पुढे बाबूजींनी एकट्यानं सगळी गायली आणि बहुतेकांच्या कानात तेच राहिलं. पुन्हा तिसरी_घंटा यांचा मुद्दा.

सैल गीतं आहेत, पण नावं घेतली तर मला घराबाहेर काढतील.

~

नवाश्रोता

मी तुमच्यातला सगळ्यात लहान असेन. आमच्या पिढीच्या मापाबद्दल कुणीच बोललं नाही. आता गाण्यात सुरुवातीचा वाद्यमेळच गायब झालाय, कारण पहिल्या काही सेकंदांत ऐकणारा पुढे सरकतो. छोट्या व्हिडिओसाठी गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधीच ठरवून बांधतात, बाकीचं गाणं त्याच्या मागे-पुढे भरतात. तुमच्या तर्कानं हेही 'निवडणं'च झालं ना? मग त्याला सगळे नावं का ठेवतात? मी शास्त्रीय शिकतोय, आणि मला खरंच कळत नाही की तीन मिनिटांची तबकडी थोर आणि तीस सेकंदांचा तुकडा थिल्लर, हे कोणत्या आधारावर.

~

तिसरी_घंटा

शाब्बास. आता द्या उत्तर मध्यलय.

~

मध्यलय

देतो. निवडणंच आहे ते, आणि तीस सेकंदांतही चांगलं काम होऊ शकतं. ठुमरीचा एक मुखडा तेवढ्यात येतो आणि दिवसभर सोडत नाही. मला फरक दिसतो तो ऐकणाऱ्याच्या बाजूला. तबकडी संपली की ती उलटायला, सुई पुन्हा ठेवायला, चावी भरायला माणसाला उठावं लागे. एक बाजू लोक झिजेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकत. गाणं तीन मिनिटांचं, पण ऐकणं तासाचं. तुकडा संपला की पुढचा आपोआप येतो. म्हणून माझी शंका मापावर नाही, पुढचा तुकडा आपोआप येण्यावर आहे. तू शास्त्रीय शिकतोस तर एक करून पाहा: एखादी तीन मिनिटांची तबकडी निवड आणि आठवडाभर तीच ऐक. पहिल्या दिवशी चीज ऐकू येईल, मग ठेका, मग श्वास. त्यानंतर त्याच रागाचं तासाभराचं मुद्रण लाव आणि आडवाट म्हणतात ते पटतं का बघ.

~

नवाश्रोता

कोणती तबकडी?

~

आडवाट

मल्लिकार्जुन मन्सूर, सुरुवातीच्या काळातला अडाणा राग. आणि मग त्यांचंच उतारवयातलं कुठलंही मोठं मुद्रण. दोन्ही ऐकून इथे लिही, मी वाट बघतोय.

~

तिसरी_घंटा

शेवट समेवर होतो का तेही लिही.